देव मानता का?

देवरायांवर, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांवर, काम करते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. मानकऱ्यांना 'हो' ऐकायचं असतं, विज्ञानवाल्यांना 'नाही'. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: माझ्या मानण्याने राईतलं एकही रोप जगत नाही. गाव काय मानतं, त्याने जगतं.

माधव गाडगीळ आणि वर्तक या शास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात देवरायांवर लिहिलं. गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राई, सिंधुदुर्गात दोडामार्गातलं बांबर्डे इथली दलदलीतली रानजायफळं कोयत्याला बंदी होती म्हणूनच उरली. हे आता सगळे सांगतात. देवळाच्या जीर्णोद्धाराबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

पुष्कळ रायांत देवावर छप्पर नको असा दंडक असतो. मग मुंबईहून वर्गणी येते, देवाला कौल लावतात, कौल मिळतो. (कौल तोडीच्या बाजूनेही लागतो, हे आम्ही श्रद्धेचे गोडवे गाताना गाळतो. काही रायांत बाईला प्रवेश नसतो, तेही.) खडीचा ट्रक आत यावा म्हणून वाट रुंद होते, तिथून ऊन शिरतं आणि पाठोपाठ रानमोडीचं तण. बुंध्यांभोवती सिमेंटचे पार, मधे पेव्हर ब्लॉक. शेवटी रोजची झाडलोट. सगळ्यात जास्त नुकसान तिचं, आणि ती तर सेवा! रानजायफळाचं बी वाळलं की मेलं. ते ओल्या पातेऱ्याखालीच, गळलेल्या पानांच्या थराखालीच रुजतं. तो पातेरा लोटून जाळतात.

आमच्या मोजणीत हे दिसत नाही. 10 × 10 मीटरचा चौकोन, 1.3 मीटर उंचीवर बुंध्याला टेप, 30 सें.मी.पेक्षा कमी घेर असेल तर नोंद नाही. जुनी धुडं उभीच असतात, त्यामुळे कागदावर राई वर्षानुवर्षं ठणठणीत. प्रत्येक चौकोनात 1 × 1 मीटरचे तुकडे आखून पावसाळ्याआधी आणि नंतर रोपं मोजली, तरच खालची पिढी गायब झालेली कळते.

मराठीत अहवाल दिला की झालं, असं पूर्वी वाटायचं. अहवाल कपाटात जातो. केरसुणी पायवाट आणि सभामंडपापुरतीच फिरवायची, हे गावाच्या बैठकीत ठरून गुरवाने गाऱ्हाण्यात, म्हणजे देवापुढच्या मागणीत, घातलं तर पाळलं जातं. म्हणजे मी देवाचा वापर करते का? करते बहुधा. राई 'जैवविविधता वारसा स्थळ' जाहीर करण्याचा कायदेशीर मार्ग आहेच, 2002च्या जैवविविधता कायद्यात. पण सरकारी फलक लागला की राई आपली उरली नाही असं गावाला वाटतं, आणि पातेरा कुणाचाच राहत नाही.