उणे 4,312

"मॅडम, पैसे कुठे जात नाहीत, पुढच्या बिलात वळते होतील." आईच्या लाईट बिलावरचे हे उणे 4,312 रुपये, म्हणजे तिने जास्तीचे भरलेले, परत मागितले तेव्हा वीज कंपनीच्या काउंटरवरचे साहेब आज शांतपणे म्हणाले. अहो पण पुढचं बिल येणार कुठून, आईच्या नेरूळच्या घराचा मीटरच काढून नेलाय ना!

आई दर वेळी शंभर-दोनशे जास्तच भरायची, लाईट कापायला नको म्हणून. पेन्शनचे पैसे आहेत ते.

डिपॉझिट वेगळंच. विद्युत कायदा 2003, कलम 47, मागितलं की सिक्युरिटी, म्हणजे हेच डिपॉझिट, परत करायची, त्यावर व्याजही द्यायचं. म्हणजे मागावंच लागतं. अर्ज दिला, कॅन्सल केलेला चेक जोडला आणि पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय हललेच नाही.

निघताना एका आजोबांनी बिल पुढे केलं, "पोरी, उणे म्हणजे मी द्यायचे की त्यांनी?"

उणे म्हणजे कंपनीने द्यायचे, हे त्या आजोबांना आधी कुणीच का नाही सांगितलं?