आमच्याकडं पिच्चर चाळून यायचे

"पिच्चर पूर्वीचे. आता नुसता धिंगाणा." आमच्या गल्लीतल्या तात्यांचं हे वाक्य ठरलेलं. रविवारी पिच्चर बघून येतात, सोमवारी कट्ट्यावर बसून हे म्हणतात आणि पुढच्या रविवारी परत तिकीट काढतात.

एकदा त्यांना विचारलं, "तात्या, 'माहेरची साडी' १९९१ चा. त्या वर्षी आलेले आणखी चार मराठी पिच्चर सांगा बघू."

तात्यांनी मान खाजवली. "ते कोण ध्यानात ठेवतंय गा?"

तेच तर म्हणतोय! पडलेले पिच्चर विसरून गेले, उरलेल्यांचं नाव 'पूर्वी'. शिवाय आम्हा बेळगावकरांच्या बाबतीत आणखी एक भानगड होती. तेव्हा पिच्चर रिळांच्या पेट्यांतून यायचा. एकेक प्रिंट काढायची म्हणजे खर्चाचं काम, म्हणून मोजक्याच निघत. त्या आधी मुंबई-पुण्याला फिरायच्या, मग कोल्हापूर, आणि तिथं चाललं तर बेळगाव. खानापूर-निपाणीकडच्या गावांना त्याहून उशीर. जत्रेतल्या तंबूत पोचेपर्यंत ती प्रिंट इतकी घासलेली असायची, की भर उन्हातल्या सीनमध्येही पडद्यावर पाऊस पडायचा. कुठंतरी रीळ तुटून जोडलेलं असायचं, मग हिरो-हिरॉइनचं भांडण व्हायच्या आधीच समेट. ऑपरेटरच्या नावानं शिट्ट्या. पण जो पिच्चर पुण्यातच आडवा झाला, त्याच्या पेट्या इथवर आणायला भाडं कोण भरणार? म्हणजे आमच्यापर्यंत यायचे ते बहुतेक चाळून आलेले. चाळणीत राहिलेला कचरा आम्ही बघितलाच नाही, आणि समजत राहिलो की तेव्हा सगळंच सोनं होतं.

आता रीळच नाही. शुक्रवारी सकाळी मुंबईत लागतो तो त्याच वेळी आमच्याकडंही लागतो. चाळायचं काम आमच्या खिशावर आलंय.

सीमेवर राहिल्यामुळं याचा पुरावा दोन्ही बाजूंनी मिळतो. पुण्यातला माझा मावसभाऊ म्हणतो, "तुमच्या कन्नडवाल्यांनी कमाल केलीय, एकसे एक काढतात." तो 'कांतारा' बघून म्हणतो. तो पिच्चर २०२२ च्या सप्टेंबरअखेर आधी कन्नडमध्ये आला, इकडं तुफान चालला, आणि मग दोनेक आठवड्यांनी हिंदीत उतरला. मावसभावापर्यंत पोचला तो गाजल्यावर. आम्ही मात्र दर आठवड्याला भिंतीवर नवीन कन्नड पोस्टर बघतो आणि त्यातली किती पोस्टरं डिंक वाळायच्या आत झाकली जातात तेही बघतो. उलट बाजूनं आम्ही म्हणतो, हिंदीपेक्षा मराठी पिच्चर आता बरे निघतात. का, तर तिकडं गाजल्याशिवाय मराठी पिच्चरला इथं पडदा मिळणं अवघड. मराठीला मल्टिप्लेक्समध्ये चांगल्या वेळेचा खेळ द्या म्हणून २०१५ साली महाराष्ट्र सरकारनं नियम काढला. तो इथं कसा लागू होणार? मराठीपुरती जुनी चाळण आमच्याकडं अजून शिल्लक आहे, आणि आम्ही तिचं श्रेय दिग्दर्शकांना देतो.

मग काहीच बिघडलं नाही का? बिघडलंय की. आवाज बिघडलाय. दार उघडलं तरी ढोल वाजतात. पात्रं जे करतात तेच तोंडानं सांगतात, कारण घरी बघणाऱ्याची एक नजर मोबाईलवर असते हे लिहिणाऱ्याला ठाऊक झालंय. आणि पहिला भाग धड संपवायच्या ऐवजी दुसऱ्याची जाहिरात करून घरी पाठवतात, याचा मला विशेष राग आहे.

तिकिटाचंही आहेच. स्वस्तात बसायला मिळायचं तेव्हा भिकार पिच्चरसुद्धा करमणूक होती; शिट्ट्या मारून, व्हिलनला शिव्या घालून पैसे वसूल करता यायचे. आता चौघांचं तिकीट आणि वर पॉपकॉर्न म्हटल्यावर माणूस हिशेब मागणारच. तिकीट २०० रुपयांच्या वर नको, असा नियम कर्नाटक सरकारनं २०२५ च्या सप्टेंबरात काढला. त्याच महिन्यात हायकोर्टाची स्थगिती आली. आमची शिट्टी वाजायची ती राहूनच गेली.

पण खरी हळहळ वाटते ती दुसऱ्या आठवड्याची. पूर्वी पिच्चर हळू पेटायचा. पहिले चार दिवस खुर्च्या मोकळ्या, मग कुणीतरी बाजारात सांगणार, कुणीतरी गिरणीत सांगणार, आणि पुढच्या आठवड्यात बायका डबे बांधून यायच्या. आता सोमवारपर्यंत गर्दी झाली नाही की खेळ कापतात. परवा एका मराठी पिच्चरला दुपारी साडेबाराचा एकच खेळ मिळाला होता. दुपारी साडेबाराला कामधंदा सोडून कोण जाणार? जाऊ, जाऊ म्हणेपर्यंत शुक्रवार आला आणि तो उतरला. महिन्याभरात मोबाईलवर येईल म्हणतात. येईलही. तिथं आला की मी तो 'नंतर बघू'च्या यादीत टाकीन, आणि त्या यादीला मात्र कायम हाऊसफुल्लचा बोर्ड.