नकाशातली कपाटं

जुलैचा दुसरा शनिवार, पाऊस लागून राहिलेला. पाथर्डी फाट्याजवळच्या एका इमारतीखाली सकाळी साडेनऊला आम्ही चौघं जमलो: घर घेणारं जोडपं, एजंट आणि मी. ते अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर, त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. तिसऱ्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा जुना फ्लॅट, ठरलेली किंमत ४६ लाख. एक लाख टोकन देऊन झालेलं आणि मंगळवारी साठेखत (खरेदीखताआधीचा नोंदणीकृत करार) नोंदवायचं. वकिलांचा ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट स्वच्छ होता. बिनशेतीचा आदेश, बिल्डरचा विकसन करार, पहिल्या खरेदीदाराचा २०१३ चा करार, सध्याच्या मालकांचं २०१८ चं खरेदीखत, साखळीत कुठेही तुटलेली कडी नव्हती. मालकांच्या कर्जाचा बोजा होता, पण तो सगळ्यांना माहीत होता.

मी सिव्हिल इंजिनिअर. खरेदीच्या आधी घर तपासून देतो. या दोघांची मागणी साधी होती. "सर, गळती कुठे आहे का, तेवढं बघून द्या."

गळती बघायला जुलैसारखा महिना नाही. नाशिकचा पाऊस पश्चिमेकडून मारतो, त्यामुळे त्या बाजूच्या भिंती, खिडक्यांचे खालचे कोपरे आणि बीम-भिंतीचा सांधा आधी पाहायचा. नव्या रंगाच्या घरात हाताच्या मागच्या बाजूने भिंत चाचपावी, ओल लगेच थंड लागते. संडास-बाथरूमची गळती मात्र त्या घरात दिसतच नाही, ती खालच्या घराच्या छताला दिसते. म्हणून आधी दुसऱ्या मजल्यावरच्या आजींची परवानगी घेऊन त्यांच्या बाथरूमचं छत पाहिलं. पाइपच्या भोवती पांढरे क्षार आणि रंगाचे फोड होते. म्हणजे वरच्या बाथरूमच्या सन्कमध्ये (फरशीखालच्या खोलगट भागात) पाणी साठतंय. पक्कं करायचं तर वरच्या बाथरूमचं पाणी जायचं तोंड बंद करून २४ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालून पाहायचं. ही दुरुस्ती होण्यासारखी गोष्ट आहे. खर्च कोण करणार ते साठेखतात लिहून घेतलं की भागतं.

गळतीचं एवढंच. दिवस गेला तो नकाशात.

घर पाहायला जाण्याआधी मी मंजूर नकाशाची प्रत मागतो. एजंट म्हणाला, "नकाशा कशाला सर? बँक सर्चवरच कर्ज देते." तो फसवत नव्हता, त्याचा अनुभवच तसा होता. पण सर्च रिपोर्ट सांगतो की विकणारा मालक आहे आणि जागेवर दुसऱ्याचा हक्क नाही. उभं असलेलं घर आणि परवानगी मिळालेलं घर एकच आहे का, हे सर्च रिपोर्टमध्ये कधीच नसतं. ते फक्त नकाशा आणि टेप सांगते.

प्रत सोसायटीच्या सेक्रेटरी काकांकडे निघाली. बांधकाम परवानगीचं पत्र, त्यावर एलएनडी, बीपी अशा अक्षरांनी सुरू होणारा महापालिकेचा क्रमांक, आणि मागे घडी घातलेला नकाशा. सोसायटीकडे नसेल तर शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभागातून प्रत मिळवावी लागते. माहिती अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो, पण उत्तराची मुदत ३० दिवसांची, आणि टोकननंतर साठेखताला लोक जेमतेम १०-१५ दिवस ठेवतात. म्हणून नकाशा टोकनच्या आधी मागायचा. नव्या प्रकल्पात हे फार सोपं झालंय. महारेराच्या (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकला की मंजूर नकाशे घरबसल्या पाहता येतात. ही इमारत महारेराच्या आधीची होती.

त्याच फाइलमध्ये मी पूर्णत्वाचा दाखला, म्हणजे बांधकाम मंजुरीप्रमाणे पूर्ण झाल्याचं महापालिकेचं पत्र, शोधत होतो. नव्हता. काका म्हणाले, "बिल्डर म्हणाला होता, येईल. मग तो फोनच उचलेना." घरपट्टी मात्र २०१४ पासून नियमित भरलेली. लोक इथे हमखास फसतात. महापालिका घरपट्टी वापरातल्या बांधकामावर लावते. पावती असली म्हणून बांधकाम अधिकृत ठरत नाही. वीजमीटर आणि नळजोडणीचंही तेच.

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. आधी आपला फ्लॅट ओळखायचा. जिन्यातून वर आल्यावर उजवीकडचा की डावीकडचा, आणि उत्तर कुठे. समोरासमोरचे फ्लॅट आरशातल्यासारखे उलटे असतात आणि भलत्याच फ्लॅटची मापं ताडून पाहण्याची चूक नेहमी होते. दुसरी गोष्ट, नकाशातली मापं विटेपासून विटेपर्यंत असतात. आतून दोन्ही बाजूंना १२ ते १५ मिलिमीटर प्लास्टर चढतं, म्हणून नकाशात ३.०५ मीटर असलेली खोली टेपवर ३.०२ भरते. तेवढी तूट बरोबर आहे. खोली नकाशापेक्षा मोठी भरली की मात्र थांबायचं.

मोठ्या बेडरूमची रुंदी नकाशात ३.०५, टेपवर ३.०२. लांबी नकाशात ३.३५, टेपवर ३.९२.

दुसऱ्यांदा मोजलं. तेच. मॅडम नकाशावर वाकून पाहत होत्या. त्यांनी बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "सर, इथे तर 'कपाट' लिहिलंय. आणि पलंगाचं डोकं तिथेच आहे."

बरोबर होतं. नकाशात खोलीच्या रेषेबाहेर ६० सेंटिमीटर खोल आणि २.१० मीटर रुंद अशी जागा कपाट म्हणून दाखवलेली होती. त्या वेळच्या नियमांत अशी जागा चटईक्षेत्रात (भूखंडावर मंजूर होणाऱ्या एकूण बांधकामात) धरली जात नव्हती. प्रत्यक्षात तिथे कपाट बांधलंच नव्हतं. खोलीची फरशी तशीच बाहेरच्या भिंतीपर्यंत नेलेली. दुसऱ्या बेडरूममध्ये १.८० मीटरचं कपाट असंच खोलीत आलेलं, स्वयंपाकघरात १.५० मीटरचं. हॉलपुढची १.२० बाय ३.८० मीटरची बाल्कनी भिंत उचलून हॉलमध्ये घेतलेली.

नाशिकमध्ये हा प्रकार नवा नाही. मधल्या काही वर्षांत याच कारणावरून शहरातल्या हजारो घरांचे पूर्णत्वाचे दाखले अडकले होते, 'कपाटांचा प्रश्न' म्हणूनच तो इथे ओळखला जातो. बऱ्याच इमारती पुढे सुटल्या. पण एखादी इमारत सुटली की नाही, हे तिच्या फाइलमध्ये दाखला आहे का एवढ्यावरच कळतं. 'तो प्रश्न मिटला ना आता' हे एजंटचं वाक्य पुरत नाही.

मी कागदावर बेरीज मांडली. करारात खोल्यांचं कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्र) ५८.४० चौरस मीटर, बाल्कनी वेगळी ४.५६. खोल्या म्हणून प्रत्यक्षात वापरात ६६.२०. फरक ७.८०: बाल्कनीचे ४.५६ आणि तीन कपाटांचे मिळून ३.२४. जाहिरातीत हा फ्लॅट १०५० फुटांचा होता. पण ४६ लाख करारातल्या ६२८ चौरस फूट कार्पेटवर बसवले तर फुटाला ७,३०० च्या वर जातात. त्या हिशेबाने कपाटांच्या ३५ चौरस फुटांचे अडीच लाख झाले, आणि ही जागा परवानगीत खोली म्हणून अस्तित्वातच नाही.

सुपरवायझर साहेबांनी विचारलं, "पण सगळेच असे राहतात ना? आम्हाला काय त्रास होणार?"

प्रश्न रास्त होता. पहिला त्रास बँकेचा. बँकेचा मूल्यांकन करणारा माणूसही टेप घेऊन येतो आणि मंजूर क्षेत्रच धरतो. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे. ४६ लाखांवर ३६.८० लाख मिळतील या हिशेबाने यांनी पैशांची जुळवाजुळव केलेली. मूल्यांकन समजा ४१ लाख आलं तर कर्ज ३२.८० वर येतं. चार लाख स्वतःचे वाढतात, आणि मुद्रांक शुल्क व नोंदणीचा खर्च बँक किमतीत धरत नाही, तो वेगळाच. काही बँका पूर्णत्वाचा दाखला नसला तर प्रकरणच घेत नाहीत. दुसरा त्रास विकताना. आज जे हे विचारताहेत तेच उद्याचा खरेदीदार विचारणार. तिसरा त्रास बाल्कनीचा होता, आणि माझ्या लेखी तो सगळ्यांत मोठा.

बाल्कनीचा स्लॅब भिंतीतून पुढे काढलेला असतो, टोकाला आधार नसतो. अशा स्लॅबला ताण वरच्या बाजूला येतो, म्हणून त्याचं मुख्य लोखंड वर असतं. या टोकावर साडेचार इंची भिंत चढवली की पूर्ण उंचीला प्लास्टरसह रनिंग मीटरला साधारण सातशे किलो होतात. ३.८० मीटरच्या भिंतीतून खिडकी आणि आधीच्या कठड्याचं वजन वजा केलं तरी टनभर वजन वाढलेलं, आणि तेही अगदी टोकाला, जिथे ते सर्वांत जास्त ओढतं. त्यात साइटवरची एक नेहमीची चूक मिळते. काँक्रीट ओतताना मजूर वरच्या सळ्यांवरून चालतात आणि त्या खाली दबतात. १२० मिलिमीटरच्या स्लॅबमध्ये ९५ मिलिमीटरच्या परिणामकारक खोलीसाठी (स्लॅबच्या खालच्या कडेपासून सळीपर्यंतच्या अंतरासाठी) ठेवलेलं लोखंड ४० मिलिमीटर दबलं की स्लॅबची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते. भेग पडते ती वरून, टाइलच्या खाली. खालून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही.

म्हणून जुन्या बाल्कनीच्या जागी गुडघ्यावर बसून टाइल पाहिल्या. मूळ भिंतीच्या रेषेला समांतर, सलग तीन टाइलमध्ये केसासारखा तडा होता. लाकडी दांड्याने ठोकल्यावर त्या पट्ट्यात पोकळ आवाज. टाइल नुसती सुटली असेल तर तडा असा एका रेषेत जात नाही. स्लॅबला भेग आहेच, असं टाइल न उचलता म्हणता येत नाही, आणि मी तसं लिहिलंही नाही. अहवालात लिहिलं: दोन टाइल काढून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी, तोवर त्या टोकावर जड सामान नको. मालकांचं पुस्तकांचं लोखंडी कपाट नेमकं तिथेच होतं. ते त्यांनी आमच्यासमोरच आत सरकवलं.

मग एजंटने विचारलं, "हे रेग्युलर करून घेता येत नाही का?"

मी टेप घेऊन खाली उतरलो आणि समोरचा रस्ता मोजला. नकाशात ७.५० मीटर, प्रत्यक्षातही तेवढाच. अडचण इथेच होती. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर भूखंडाच्या १.१० पट मूळ चटईक्षेत्र मिळतं. प्रीमियम चटईक्षेत्र (पैसे भरून मिळणारं जादा क्षेत्र) किंवा टीडीआर (दुसऱ्या जागेवरून विकत आणलेला बांधकामाचा हक्क) घेऊन ते वाढवता येत नाही. या इमारतीने मूळ चटईक्षेत्र आधीच वापरलेलं. सोळा फ्लॅटची नुसती कपाटं धरली तरी ५२ चौरस मीटरच्या आसपास जादा लागतात. वाट उरते ती रस्ता ९ मीटर करण्याची. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची रेषा ठरते आणि दोन्ही बाजूंचे भूखंडधारक पाऊण-पाऊण मीटर जागा सोडतात. नाशिकमध्ये कपाटांसाठी हीच वाट वापरली गेली. पण तो अर्ज एका फ्लॅटच्या मालकाचा नसतो. सोसायटीने ठराव करायचा, आर्किटेक्ट नेमायचा, प्रत्येक घराची मोजणी करायची, रक्कम भरायची. मंगळवारच्या साठेखतापर्यंत होणारी ही गोष्ट नाही.

पार्किंगचाही प्रश्न निघाला. एजंटने 'पार्किंगसह' असं सांगितलेलं. सोळा फ्लॅटला नकाशात चारचाकीच्या आठच जागा. स्टिल्टमधली (इमारतीखालच्या खांबांमधली) जागा बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय. वाटप सोसायटी करते. काकांच्या वहीत या फ्लॅटपुढे जागा नव्हती.

दुपारी दोघं बराच वेळ जिन्याजवळ बोलत उभे होते. मग मॅडम म्हणाल्या, "साठेखत नको सर. टोकन परत मागतो."

टोकनच्या पावतीवर फक्त रक्कम आणि तारीख. परत कधी, कशासाठी, काहीच नाही. म्हणून ते पैसे मिळायला तीन आठवडे गेले. पावतीवर दोन ओळी असत्या तर वाद झाला नसता: 'मंजूर नकाशा व प्रत्यक्ष बांधकाम यांत तफावत आढळल्यास, पूर्णत्वाचा दाखला नसल्यास किंवा बँकेने कर्ज नाकारल्यास संपूर्ण रक्कम ७ दिवसांत परत.' आता प्रत्येकाला त्या आधीच लिहून देतो. विकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. ज्याला वाटतं, त्याचे कागद अधिक नीट पाहावेत.

निघताना सेक्रेटरी काकांनी मोजमापाचा कागद मागितला. चष्मा लावून त्यांनी तीनही कपाटांचे आकडे वाचले. "माझ्या बेडरूममध्येही पलंग तिथेच आहे," म्हणाले, आणि पावसात छत्री घेऊन स्वतः कोपऱ्यावर झेरॉक्स काढायला गेले. सोळा प्रती.

पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये सभा झाली. समोरच्या बंगलेवाल्यांनाही बोलावलं होतं, कारण पाऊण मीटर त्यांनाही सोडावा लागणार होता.