आय-२०चं दुसरं पान

मे २०२४. नवतपा सुरू होता. संध्याकाळचे साडेसात वाजले की मी लॅपटॉप घेऊन कूलरसमोर बसायचे, कारण टेक्सासमध्ये तेव्हा सकाळचे नऊ वाजतात आणि आमच्या युनिव्हर्सिटीचं इंटरनॅशनल ऑफिस उघडतं. आई विचारायची, "सुट्टीवर आली की ड्युटीवर?" वाळ्याच्या ताट्यांवरून पाणी टपकत असायचं आणि मी दर पाच मिनिटांनी मेल उघडून बघत असायचे.

ऑफर लेटर एप्रिलच्या शेवटीच हातात पडलं होतं. सांडपाणी प्रक्रियेचे आराखडे करणारी कंपनी, उन्हाळ्याची इंटर्नशिप, ३ जूनपासून सुरू. मी आनंदात तिकीट काढलं आणि तीन आठवड्यांसाठी नागपूरला आले. इंटर्नशिपसाठी सीपीटी नावाचं काहीतरी, कामाची परवानगी, लागतं हे माहीत होतं. ते म्हणजे एक फॉर्म भरायचा आणि सही घ्यायची, एवढीच माझी समजूत. इथेच चुकलं.

एफ-१ व्हिसावर गेलेल्या विद्यार्थ्याला कॅम्पसवर काम करता येतं, पण सेमिस्टर सुरू असताना आठवड्याला २० तासच. तेही सगळी कामं मिळून. लायब्ररीत १२ आणि मेसमध्ये १२ असं चालत नाही. कॅम्पसबाहेर काम करायचं तर शिकत असताना सीपीटी आणि शिकून झाल्यावर ओपीटी, हे दोन नेहमीचे रस्ते. सीपीटी मिळण्याआधी सर्वसाधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष शिकलेलं असावं लागतं. म्हणजे ऑगस्टमध्ये गेलेल्याला पुढच्या उन्हाळ्यात मिळू शकतं, जसं माझं होतं. आणि काम तुमच्या विषयाशी थेट जोडलेलं हवं. पगार मिळतो की नाही हा प्रश्नच नाही. "फुकट करते ना, मग परवानगी कशाला" हा युक्तिवाद माझ्या रूममेटने करून पाहिला होता. तिला मिळालेलं उत्तर सौम्य नव्हतं.

सीपीटीचं वेगळं कार्ड येत नाही. तुमच्या आय-२०च्या, म्हणजे युनिव्हर्सिटीने दिलेल्या विद्यार्थी-पात्रतेच्या कागदाच्या, दुसऱ्या पानावर चार ओळी छापून येतात: कंपनीचं नाव, पत्ता, फुल टाइम की पार्ट टाइम, आणि कधीपासून कधीपर्यंत. त्या चार ओळी म्हणजेच परवानगी. ऑफर लेटर नुसता कागद. त्या तारखेच्या एक दिवस आधी काम केलं तर ते बेकायदा काम, आणि कंपनी बदलली तर पुन्हा नवीन परवानगी.

मी नागपुरात पोचल्यावर अर्ज भरला. इंटर्नशिपच्या एका क्रेडिटच्या कोर्सला नाव नोंदवलं, ज्याची फी वेगळी, आणि ती उन्हाळ्याच्या कमाईतून आधीच वजा धरून ठेवा. डिपार्टमेंटच्या अॅडव्हायझरने संमती द्यायची, मग डीएसओ, म्हणजे इंटरनॅशनल ऑफिसमधला परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी, तो बघणार. आमच्याकडे सात ते दहा कामकाजाचे दिवस लागतात असं लिहिलेलं होतं. मी बोटांवर मोजलं, बसत होतं.

तिसऱ्या दिवशी अर्ज परत. लेटरवर कंपनीच्या मुख्यालयाचा पत्ता होता, मी प्रत्यक्ष बसणार त्या ऑफिसचा नव्हता. आणि कामाच्या वर्णनात एकच ओळ: नेमून दिलेली कामं. अॅडव्हायझरने लिहिलं, "यावरून हे एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंगशी कसं जोडलेलं आहे ते मला कळत नाही." बरोबरच होतं, मलाही कळत नव्हतं.

एचआरला मेल केली. त्यांना दोन दिवस लागले. नवीन पत्रात कामं नीट लिहून आली: पाण्याच्या नमुन्यांच्या नोंदी, पंपांची मापं, आराखड्यांची तपासणी. शुक्रवारी पुन्हा अर्ज केला. सोमवारी साडेसातला बसले, आठ वाजले, नऊ वाजले, एकाही मेलला उत्तर नाही. रात्री अकरा वाजता मैत्रिणीने सांगितलं की आज मेमोरियल डे आहे, सगळं बंद. मे महिन्याचा शेवटचा सोमवार. अख्खं वर्ष तिथे राहून हे मला ठाऊक नव्हतं, कारण मागच्या वर्षी त्या दिवशी मी नागपुरात व्हिसाच्या मुलाखतीची तयारी करत बसले होते.

त्याच आठवड्यात एचआरची आणखी एक मेल आली. ३० आणि ३१ मे, दोन दिवस ऑनलाइन ओरिएंटेशन, घरूनच करा, दोन्ही दिवसांचे पैसे मिळतील. मला मोह झाला. मी तर प्रतापनगरमध्ये आमच्या हॉलमध्ये बसले आहे, तिथल्या कायद्याचा इथे काय संबंध? बाबा म्हणाले, "विचार ना आधी, मग कर." बाबा एजी ऑफिसमधून रिटायर झालेले. आयुष्यभर लोकांची व्हाउचरं तपासली, त्यामुळे त्यांना कोणताही कागद हा तपासायचाच वाटतो. डीएसओला विचारलं. उत्तर दोन वाक्यांचं होतं: सीपीटी सुरू होण्याच्या तारखेआधी काहीही काम करू नकोस, तू कुठेही असलीस तरी. कंपनीला सांग, तारीख पुढे ढकला.

यावर वाद घालता आला असता, पण व्हिसाच्या बाबतीत वाद जिंकून काय करायचं? पगारपत्रकावर मेची तारीख आणि आय-२०वर जूनची, हे दोन कागद उद्या कुणाच्या टेबलावर शेजारी आले तर स्पष्टीकरण मलाच द्यावं लागणार. एचआरला कळवलं. मला वाटलं, ऑफरच जाते आता. त्यांनी सहज लिहिलं, "१० जून चालेल?" इतकं साधं असेल असं वाटलं नव्हतं. बहुधा त्यांच्याकडे आमच्यासारखे दरवर्षी येत असावेत.

३१ मेला शुक्रवारी तिथल्या संध्याकाळी नवीन आय-२० आली, म्हणजे आपल्याकडे शनिवारची पहाट. मी उठून प्रिंट काढली. बाबा पाच वाजता उठतातच. त्यांनी चष्मा लावला, फूटपट्टी घेतली, आणि दुसऱ्या पानावर एकेका ओळीखाली ती सरकवत गेले. कंपनीचं नाव. ठीक. पत्ता, पिन कोडसकट ठीक. १० जून ते १६ ऑगस्ट. ठीक. मग पट्टी थांबली.

"काहून गं, चाळीस तास म्हणत होतीस ना तू?"

"हो."

"मग हे पार्ट टाइम काहून लिहून आलं?"

मी तीनदा वाचलं. पार्ट टाइमच होतं. पार्ट टाइम म्हणजे आठवड्याला २० तास किंवा कमी. मी त्या कागदावर ४० तास काम केलं असतं तर दहा आठवडे रोज नियम मोडला असता, आणि मला पत्ताही लागला नसता. चूक ऑफिसची होती, पण सही माझी असणार होती. प्रवासासाठी लागणारी डीएसओची सहीसुद्धा याच पानावर असते, आणि नवीन आय-२० म्हणजे सहीही नवीन लागते. ती होती, बाबांनी तीही बघितली.

शनिवार, रविवार काहीच होण्यासारखं नव्हतं. आईने तर्री पोहे केले, कुणी फार खाल्ले नाहीत. सोमवारी ३ जूनला, जो माझा मूळ रुजू होण्याचा दिवस होता, साडेसातला मेल केली आणि सव्वाआठला दुरुस्त आय-२० आली. पाऊण तासाचं काम. रुजू होण्याची तारीख पुढे गेल्यामुळे विमानही पुढे ढकललेलं, ५ तारखेचं होतं.

तिथे उतरल्यावर इमिग्रेशनच्या खिडकीत अधिकाऱ्याने विचारलं, उन्हाळ्यात काय करणार? मी दुसरं पान पुढे केलं. त्याने बघितलं, शिक्का मारला.

१० तारखेला कंपनीत आय-९ हा काम करण्याच्या हक्काची पडताळणी करणारा फॉर्म भरला, पासपोर्ट, आय-९४ (देशात आल्याची नोंद) आणि तीच आय-२० दाखवून. हा फॉर्म रुजू झाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत पुरा व्हावा लागतो. पुढची गोष्ट पगाराची, जी कुणी सांगत नाही. पहिल्या स्लिपवर सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के कापलेले. एफ-१वरच्या विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं साधारणपणे हे दोन कर लागत नाहीत. पेरोलला लिहिलं, त्यांनी पुढच्या स्लिपमध्ये परत केले. विचारलं नसतं तर गेले होते. टॅक्स भरताना आणखी एक: भारत आणि अमेरिकेतल्या कर कराराच्या कलम २१(२) मुळे भारतीय विद्यार्थ्यांना स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, जे इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना मिळत नाही. माझ्या ऑफिसमधल्या व्हिएतनामी मुलीला हे सांगितल्यावर तिने मला जेवणाचं बिल भरायला लावलं.

जाण्याआधी इथल्या एका सल्लागाराने आम्हाला सांगितलं होतं की "पहिल्या दिवसापासून सीपीटी" देणारी कॉलेजं असतात, तिथे जा, लगेच काम. आणि तोवर गॅस स्टेशनवर रोखीत काम मिळतंच. दुसरं तर सरळ बेकायदा आहे, स्टेटस जातं, आणि ते परत मिळवणं किती अवघड हे त्या सल्लागाराला माहीत असायची गरज नाही, त्याची फी आधीच जमा झालेली असते. पहिल्याबद्दल एवढंच: फुल टाइम सीपीटी बारा महिने झाला की त्याच पातळीच्या डिग्रीवरची ओपीटी जाते. माझे दहा आठवडे होते, म्हणून मी निश्चिंत होते.

ओपीटीचा अर्ज मी फेब्रुवारी २०२५ मध्ये केला. अभ्यासक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून संपल्यावर ६० दिवसांपर्यंत करता येतो, पण डीएसओने शिफारस नोंदवल्यापासून ३० दिवसांत तो पोचायला हवा. अर्ज करताना तुम्ही अमेरिकेतच असायला हवं, म्हणून तेव्हाची नागपूरची चक्कर मी रद्द केली. ऑनलाइन फी तेव्हा ४७० डॉलर होती. सुरू होण्याची तारीख स्वतः निवडायची असते, त्या ६० दिवसांमधली कोणतीही. मी १६ जून निवडली, हातात नोकरी नव्हती म्हणून. कारण त्या तारखेपासून बिनकामाचे दिवस मोजले जातात आणि एकूण ९०च मिळतात.

हे बाबांना फोनवर सांगितलं आणि पस्तावले. त्यांनी स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर १६ जूनपासून लाल पेनने रोज एक खूण करायला सुरुवात केली. फोन केला की आई आधी जेवलीस का विचारायची आणि बाबा मागून "आज तेवीस" म्हणायचे. मग अठ्ठावीस, पस्तीस. मधल्या काळात अठरा मुलाखती झाल्या. ४२ खुणा झाल्या आणि २८ जुलैला मी रुजू झाले.

नोकरी लागल्यावर दहा दिवसांत सरकारी पोर्टलवर कंपनीची नोंद करावी लागते. त्याच रात्री केली आणि स्क्रीनशॉट बाबांना पाठवला. दोन निळ्या टिका आल्या. मग बराच वेळ "टायपिंग" दिसत राहिलं. फूटपट्टी घेतली असणार.

शेवटी मेसेज आला: "ऑफिसचा पत्ता टाकला ना? मुख्यालयाचा नको."