वाटीभर छोले म्हणजे किती ग्रॅम?

डाएटच्या तक्त्यात 'एक वाटी उसळ' असं लिहिलेलं असतं, पण कोणती वाटी ते लिहिलेलं नसतं. एकाच घरात रोजची वाटी १२० मिलीची आणि पाहुण्यांच्या सेटमधली १८० ची निघते. म्हणून आधी वाटीच मोजा. रिकामी वाटी डिजिटल काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणा आणि काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम भरतील, तितके मिली.

पुढचे आकडे १५० मिलीच्या वाटीचे, निथळलेल्या आणि न दाबता सपाट भरलेल्या दाण्यांचे आहेत. काबुली छोले साधारण १०० ग्रॅम, चवळी १०५, राजमा ११०, अख्खे मूग आणि मसूर १२५. छोल्यांचे दाणे मोठे आणि गोल, त्यामुळे मधे पोकळी राहते. मूग फुटून त्या फटी बुजवतात. तेच छोले जरा गाळ शिजले आणि डावाने दाबून भरले, तर वाटी सहज जड होते. त्यामुळे वाटीचा आकडा अंदाजापुरताच धरावा.

सुके छोले, राजमा शिजल्यावर वजनाने साधारण सव्वादोन ते अडीचपट होतात. परदेशी रेसिपीतल्या '४०० ग्रॅमच्या टिन'मध्ये निथळलेले छोले सुमारे २४० ग्रॅम असतात, म्हणजे सुके १०० ते ११० ग्रॅम पुरतात. सगळ्यात जास्त घोळ होतो तो इथेच, कॅलरी मोजायच्या ॲपमध्ये सुक्याची नोंद निवडल्यामुळे. १०० ग्रॅम सुक्या छोल्यांत सुमारे २० ग्रॅम प्रथिनं असतात, शिजलेल्या १०० ग्रॅममध्ये जेमतेम ९.

अडीचपट होतीलच असंही नाही. जुना माल पाणी कमी पितो. ठाण्यात घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्यांत टँकर किंवा बोअरवेलचं जड पाणी येतं, तिथे त्यातल्या कॅल्शियममुळे दाणा टणक राहतो आणि कमी फुगतो. भिजवायला आणि शिजवायला आरओ फिल्टरचं पाणी घेतलं तर फरक पडतो. उलट, शिजलेले छोले रात्रभर त्याच पाण्यात राहिले तर सकाळी आणखी जड भरतात. चाळणीत दहा मिनिटं निथळूनच वजन करा.

ठाण्याच्या जांभळी नाक्यावरून, म्हणजे बाजारातून, मोडाची मटकी आणली तर हिशेब निराळा. मोड येईपर्यंतच वजन जवळपास दुप्पट झालेलं असतं, तेव्हा त्यावर पुन्हा अडीचपट लावू नका. मोड लांब असतील तर वाटीत निम्मी हवाच! वीस जणांच्या मिसळीला माणशी १०० ग्रॅम शिजलेली मटकी धरली, तर सुकी ९०० ग्रॅम भिजवावी. बिरड्याच्या वालांना मात्र कुठलाच गुणाकार चालत नाही. भिजून वजन वाढतं आणि सोलताना सालाचं जातं. सोलून झाल्यावरच काट्यावर ठेवा.

वरण-आमटीला वाटीचं माप निरुपयोगी, कारण पाणी ज्याचं त्याचं. तिथे पातेलं रिकामं असताना वजन करून ठेवा. २०० ग्रॅम तूरडाळ टाकली, पाणी घालून सारखं केलेलं वरण पातेल्याचं वजन वजा जाता १४०० ग्रॅम भरलं, तर सात ग्रॅम वरणात एक ग्रॅम सुकी डाळ. ताटात १४० ग्रॅम वरण वाढलं की २० ग्रॅम डाळ गेली. वाढण्याआधी तळापासून ढवळा, नाहीतर पहिल्याला पाणी आणि शेवटच्याला डाळ. वरचं तूप वेगळं मोजा.