कॅल्शियम रिअ‍ॅक्टर किती मोठा घ्यायचा? लिटर सोडा, खप मोजा

अ‍ॅक्रोपोरा आणि माँटिपोरा हे माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमधले कडक सांगाड्याचे कोरल (प्रवाळ) वाढीला लागलेत आणि डोसिंगचे (रोज टँकमध्ये घालायच्या कॅल्शियम-कार्बोनेटच्या द्रावणांचे) डबे भराभर रिकामे होताहेत. त्यामुळे आता कॅल्शियम रिअ‍ॅक्टरच. म्हणजे असा चेंबर, ज्यात कार्बन डायऑक्साइड गॅस सोडून कॅल्शियम कार्बोनेटचे खडे (मीडिया) विरघळवतात आणि ते पाणी थेंबथेंब टँकमध्ये जातं. कोणत्या मापाचा, यावर बराच खल झाला.

खोक्यावर ‘१००० लिटरपर्यंत’ असं छापलेलं असतं, त्याकडे बघूच नका. १००० लिटरमध्ये नुसते सॉफ्ट कोरल असतील तर रिअ‍ॅक्टरची गरजच पडत नाही. ३०० लिटर कडक कोरलनं गच्च भरलं असेल, तर छोटा रिअ‍ॅक्टर धापा टाकतो.

बघायचं ते एवढंच, की रोज केएच किती उतरतो. केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, ते डीकेएचमध्ये मोजतात; कोरल सांगाडा बांधायला तेच वापरतात. डोसिंग थांबवून दोन-तीन दिवस ठरल्या वेळी टेस्ट घ्यायची. यवतमाळकडच्या उन्हाळ्यात इथेच गोची होते. पारा ४५ ला, हवा कोरडी आणि टँकवर पंखा, म्हणजे पाणी उडतंच. आधी आरओचं पाणी घालून क्षारता (मिठाचं प्रमाण) ३५ पीपीटीवर आणायची, मगच टेस्ट. नाहीतर केएच चढा दिसतो आणि खप कमी वाटतो. बोअरचं पाणी तर चुकूनही नको. ते स्वतःच केएच घेऊन येतं, मग घट दिसणार कशी?

माझा हिशेब असा: पाणी ४०० लिटर, रोजची घट १.५ डीकेएच, गुणाकार ६००. रिअ‍ॅक्टरमधून बाहेर पडणारं पाणी २५ डीकेएच धरलं आणि टँक ८ वर, तर दर लिटरमागे १७ ची भर. ६०० भागिले १७, म्हणजे रोज ३५ लिटर, मिनिटाला साधारण २५ मिली. एवढ्याला रोज ११ ग्रॅमच्या आसपास मीडिया विरघळतो. कोरल वाढले की खप दुप्पट होणार, म्हणून मी ५० मिली धरून चाललोय आणि ३ किलो मीडिया मावेल असा चेंबर बघतोय. लहान चेंबरमधून तेवढंच काढायचं तर गॅस वाढवावा लागतो, आतला पीएच ६.३ च्या खाली गेला की मीडियाचा चिखल. फार मोठा घेतला तर धार इतकी बारीक ठेवावी लागते, की ती धार आवळणारा नीडल व्हॉल्व्ह सारखा तुंबतो.

सोलेनॉइडशिवाय (विजेवर उघडणाऱ्या व्हॉल्व्हशिवाय) गॅस सिलिंडरचा रेग्युलेटर घेऊ नका. गावठाण फीडरवरची लाईट गेली की पंप बंद, गॅस मात्र चालूच राहतो. सोलेनॉइड लाईटसोबत गॅसही बंद करतो. सिलिंडर टिनाच्या शेडमध्ये तर अजिबात नको. ३१ अंशांच्या वर कार्बन डायऑक्साइड द्रवरूपात राहतच नाही, आतला दाब चढत जातो. माझा माजघरात राहणार. तो बघून मामांनी विचारलंच, “काऊन बे, मासोयाइले सोडा पाजतो का?”

चेंबर आला, मीडिया धुऊन भरला, की बबल काउंट (मिनिटाला गॅसचे किती बुडबुडे) आणि पीएचचे आकडे टाकतो.