बाळसे आणि रक्तदाब: रॉटरडॅमहून इंदूरकरांसाठी

लहान मुलांचाही रक्तदाब मोजावा लागतो, हे इंदूरच्या नातेवाइकांना पटवणे मला फार जड जाते. "सहा वर्षांच्या पोरीला कसलं आलंय बीपी?" असे रामबागेतल्या मावशीने फोनवर विचारले, आणि तिचा प्रश्न अगदीच गैर नव्हता, कारण घरात रक्तदाबाच्या गोळ्या असतात त्या आजोबांच्या.

रॉटरडॅममध्ये मात्र हा विषय निराळ्या कारणाने पुढे आला. येथे निम्म्याहून अधिक लोकांची पाळेमुळे नेदरलँड्सबाहेरची आहेत: तुर्कस्तान, मोरोक्को, सुरिनाम, केप व्हर्दे. एप्रिल 2002 ते जानेवारी 2006 या काळात प्रसूती अपेक्षित असलेल्या येथील सुमारे दहा हजार गर्भवतींना 'जनरेशन आर' या अभ्यासात सामील करून घेण्यात आले, आणि त्यांची मुले सहा वर्षांची झाल्यावर रक्तदाबासह त्यांची तपासणी झाली. अशा अभ्यासांतून दिसते की काही स्थलांतरित गटांतील मुलांचा रक्तदाब शाळेत पाऊल टाकण्याच्या वयातच डच मुलांपेक्षा थोडा जास्त असतो. त्याला वंश हे उत्तर देऊन मोकळे होणे सोपे आहे, पण मला ते आळशीपणाचे वाटते. आईचा गर्भारपणातील रक्तदाब, तिचे धूम्रपान, तिचे शिक्षण, बाळाचे जन्मवजन, स्तनपान आणि पहिल्या काही वर्षांत वजन किती झपाट्याने वाढले, यांचा हिशेब मांडला की त्या फरकाचा काही भाग आटतो.

आपल्यासाठी यातील कळीचा मुद्दा वजनाचा आहे, आणि तो पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी फार पूर्वी दाखवून दिला आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बाळांचे सरासरी वजन 2.7 किलो, तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बाळांचे 3.5 किलो, तरीही पाठीच्या त्वचेखालची चरबी दोन्हीकडे जवळजवळ सारखी. आपले बाळ हडकुळे दिसते, पण त्याच्यात कमी असतात ते स्नायू. अशा बाळाला बाळसे धरावे म्हणून तूप-साखरेचा मारा केला, तर वाढते ती मुख्यतः चरबी, आणि पुढे त्याच्यामागोमाग रक्तदाबही.

आमचा धाकटा 2.6 किलोचा जन्मला, आणि तो खाऊ लागला तेव्हा इंदूरहून रोज खिमटात तूप वाढवण्याचे सल्ले येत होते. येथील बालआरोग्य केंद्रातील परिचारिकेने त्याच्या वाढीच्या तक्त्यावर बोट फिरवले आणि रेघ खालच्या पट्ट्यात असली तरी सरळ चढते आहे, तिला उडी मारायला लावू नका, एवढेच सांगितले. द हेगमधील सुरिनामी हिंदुस्तानी मुलांसाठी, ज्यांचे पूर्वज 1873 पासून उत्तर प्रदेश-बिहारकडून सुरिनामला नेले गेले, डच मुलांचे तक्ते नीट लागू पडत नाहीत, म्हणून डच संशोधकांनी वजनाचे वेगळे तक्ते तयार केले आहेत.

थोरलीचा रक्तदाब घेताना तिला पाच मिनिटे पाठ टेकवून शांत बसवले होते आणि दंडाचा घेर पाहून त्यावर गुंडाळायचा लहान पट्टा निवडला होता. पट्टा अपुरा पडला तर आकडा खोटाच वाढतो, आणि फार मोठा झाला तर कमी येतो. शिवाय मुलांचा आकडा वय, उंची आणि मुलगा की मुलगी यांवरून वाचायचा असतो: मोठ्यांमध्ये फारसा न खटकणारा 120/80 हा सहा वर्षांच्या मुलीत स्पष्टपणे जास्त ठरतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2017 साली वयाच्या तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी एकदा मोजणी सुचवली. मावशीच्या नातवाला पुढच्या महिन्यात डॉक्टरांकडे न्यायचे आहे. त्यांच्याकडे लहान पट्टा आहे का, हे आधी फोन करून विचारायला मी तिला सांगितले आहे.